रोही-रानडुकरांची शिकार खुली केली तर पीक वाचेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भात हरभरा, तूर, भुईमूग, धान यातलं काही धड घरी येत नाही. रात्र-रात्र जागल करूनही रानडुकरं आणि रोही (नीलगाय) शेत नासवतात. अमेरिकेत आणि आफ्रिकेत शिकारीच्या पैशावर जंगलं सांभाळली जातात, मग आपल्याकडेच बंदी कशाला? सरकारने शिकार सरळ खुली का करू नये?

आधी कायद्याबद्दल, कारण निम्मा वाद इथेच चुकीच्या पायावर उभा राहतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 ने शिकारीला बंदी आहे, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम 11(1)(ख) सांगतं की अनुसूची दोनमधला (कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या यादीतला) प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारण नोंदवून त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. ‘मालमत्ता’ या शब्दात उभं पीक येतं असं कलमातच स्पष्ट लिहिलं आहे. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरासाठी हा अधिकार शासन निर्णयाने खाली, वनक्षेत्रपालापर्यंत आणलेला आहे. म्हणजे परवान्याची वाट आहे. ती चालत का नाही, हे पुढे येईलच.

‘खुली करा’ म्हणजे कलम 62. त्यात केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक भागापुरता आणि ठरावीक मुदतीपुरता ‘उपद्रवी’ जाहीर करतं. तेवढ्या काळापुरतं त्या प्राण्याचं संरक्षण उठतं, परवाना लागत नाही. 2022 च्या दुरुस्तीने (ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली) सहाच्या चार अनुसूच्या झाल्या आणि उंदीर-कावळ्यांसारख्या उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची गेली, पण कलम 62 राहिलं. रोही आणि रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये असल्यामुळे दोघांनाही ते लागू करता येतं. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. त्याने कितीही पीक खाल्लं तरी पिकाच्या कारणावरून त्याला मारता येत नाही. पकडून हलवणं एवढाच मार्ग उरतो. मध्य प्रदेशात शाजापूर भागात 2025 मध्ये हेलिकॉप्टर आणि बोमा लावून (म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचं कापडी कुंपण करून त्यात कळप हाकत नेऊन) काळवीट आणि रोही असेच हलवले. वाघ-बिबट्यांचं प्रकरण तर पूर्ण निराळं, कलम 11(1)(क) चं. आधी पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही याची खात्री, मगच मारण्याचा हुकूम. पिकाच्या चर्चेत तो विषय मिसळू नये.

आता मूळ मुद्दा: मारल्याने संख्या कमी होते का?

रानडुकराचा गर्भकाळ साधारण 115 दिवस. वर्षाच्या आत मादी वयात येते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात. एक ढोबळ हिशेब मांडू. तालुक्यात 100 डुकरं आहेत, त्यातल्या 40 माद्या विणाऱ्या. प्रत्येकीची तीन पिल्लं जगली तर 120 नवी. जुन्यातली 20 आपोआप मेली. वर्षअखेर 200. संख्या 100 वर नुसती रोखून धरायची, कमी करायची नव्हे, तर दरवर्षी निम्मी काढावी लागतात. अमेरिकेतल्या रानटी डुकरांसाठी तिथले व्यवस्थापक 60 ते 70 टक्क्यांचा आकडा धरतात. आता आपल्याकडचं चित्र पाहा: तालुक्यात हातावर मोजण्याइतके परवाने, त्यावर वर्षात आठ-दहा डुकरं पडली. ही घट पुढच्या पावसाळ्यात कुठे गेली ते कळतही नाही. उलट चारा तेवढाच आणि तोंडं कमी, म्हणून उरलेल्यांची पिल्लं जास्त जगतात.

दुसरी गोम म्हणजे कोणतं डुक्कर मारलं जातं. बंदूक घेऊन बसलेल्याची नजर मोठ्या सुळेवाल्या नरावर असते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर मारून पुढच्या वर्षीच्या पिल्लांत काडीचा फरक पडत नाही. संख्या माद्यांवर ठरते. पण रानडुकरं मारायची मुभा देणाऱ्या केरळच्या 2022 च्या आदेशात पिल्लांना पाजणारी मादी मारली जाणार नाही याची काळजी घ्या अशी अट होती. दयेच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे, पण संख्या घटवण्याच्या हिशेबात नेमकी उलटी. दोन्ही एकदम साधणार नाहीत. धोरण लिहिणाऱ्याने आपण काय करतोय ते आधी ठरवावं.

तिसरी गोम कळपाची. माद्या आणि पिल्लं कळपाने राहतात. कळपातलं एक मारलं, कुत्री सोडली, हाका केला की कळप फुटतो आणि दोन-चार शिवारं ओलांडून पांगतो. ज्याने परवाना काढला त्याचं शेत आठवडाभर शांत, आणि शेजारच्या गावाची ओरड सुरू. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. 1999 मध्ये राज्यभर डुकराच्या शिकारीचा हंगाम खुला केला, कितीही मारा म्हणाले. त्याच काळात डुकरं सर्वाधिक पसरली. कारण शिकारीची चटक लागलेल्या लोकांनी ती पकडून नव्या भागांत नेऊन सोडली. आपल्या गावाजवळ शिकार हवी म्हणून. 2011 मध्ये राज्याला नियम फिरवावे लागले आणि डुकराची हौशी शिकार बंद करावी लागली. मिसुरीनेही 2016 मध्ये आपल्या संवर्धन विभागाच्या जमिनींवर डुकराच्या शिकारीला बंदी घातली, कारण शिकारी येऊन कळप उधळत आणि विभागाने लावलेले सापळे वाया जात. जिथे बंदुका मुबलक, मांस खायची मुभा, पैसा आणि मनुष्यबळ भरपूर, तिथली ही गत आहे.

मग तिथे काय चालतं? अख्खा कळप एकदम काढणं. सहा ते दहा मीटर व्यासाचा, दीड मीटर उंच जाळीचा गोल कोंडवाडा उभारतात, त्याचं दार उघडं ठेवून आठ-दहा दिवस आत मका टाकतात आणि कॅमेऱ्यावर मोजतात. कळपातलं शेवटचं पिल्लूसुद्धा निर्धास्त आत येऊ लागल्यावरच दार पाडतात. घाईने पहिल्याच रात्री पाच डुकरांवर दार पाडलं की बाहेर राहिलेल्या दोन म्हाताऱ्या माद्या आयुष्यभर सापळ्याजवळ फिरकत नाहीत. आपल्या कायद्यात पकडणं, सापळा लावणं हेसुद्धा ‘शिकार’ या व्याख्येत येतं, म्हणून कोंडवाड्यालाही परवानगी लागते. आणि पकडलेली डुकरं दुसऱ्या जंगलात नेऊन सोडणं म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात टाकणं.

रोहीची गणितं निराळी. गर्भकाळ आठ महिन्यांचा, जुळी पिल्लं नेहमीची. डुकराइतका झपाटा नाही, त्यामुळे माद्या काढल्या तर संख्या खरोखर खाली येऊ शकते. पण मोठ्या नराचं वजन दोनशे किलोच्या वर जातं, आणि बाराबोर बंदुकीच्या छर्र्याने तो मरत नाही, जखमी होऊन तीन दिवस फिरतो. बिहारने हा प्राणी डिसेंबर 2015 मध्ये वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर करून घेतला. जून 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये जाहीर जुंपली, आठवडाभर वाहिन्यांवर तेच. आणि पुढे? काही वर्षांत त्याच राज्याला मुखियांना (म्हणजे सरपंचांना) रोही-डुकरं मारून घेण्याचे अधिकार द्यावे लागले. एकदा झोडपून काढून सोडून दिलं तर एवढंच हाती लागतं. हिमाचलमध्ये माकडं उपद्रवी जाहीर झाली, पण मारायला फारसं कुणी पुढे आलं नाही. हनुमानावर बंदूक कोण उचलणार? उत्तरेत ‘नीलगाय’ या नावातल्या गायीमुळे हीच अडचण येते. तिला ‘रोज’ म्हणा, अशाही सूचना झाल्या. आपल्याकडे ‘रोही’ म्हणतात ते बरं आहे. तो हरणाच्या कुळातलाही नाही आणि गायही नाही, कुरंग (अँटिलोप) आहे.

आता ‘शिकारीच्या पैशातून संवर्धन’ या युक्तिवादाकडे. तो थोतांड नाही. अमेरिकेत 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवरच्या अबकारी कराचा (आज 11 टक्के) पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना बांधून दिला; पिस्तुलांवरचा 10 टक्के कर 1970 मध्ये त्यात आला. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाचे देशभर मिळून वर्षाला जेमतेम डझनभर परवाने निघतात, एकेक लाख डॉलरच्या वर जातो, आणि त्यातले 80 टक्के गावाला मिळतात. गावकरी स्वतः पहारा देऊ लागले, चोरटी शिकार घटली, आणि 2015 मध्ये मारखोरचा दर्जा जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’वरून सुधारला. हे घडलं ते दुर्मिळ प्राणी, मोजके म्हातारे नर आणि गावाच्या हातात थेट पैसा या तीन गोष्टी जुळल्या म्हणून.

आपला प्रश्न याच्या बरोबर उलटा आहे. प्राणी दुर्मिळ नाही, नर मारून उपयोग नाही आणि गावाकडे पैसा येण्याची वाट कायद्यात नाही. परवान्यावर मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. टेक्सासमध्ये 1930 च्या सुमारास नेऊन सोडलेले रोही आज हजारोंनी आहेत आणि तिथले जमीनदार शिकाऱ्यांकडून पैसे घेऊन त्यांची शिकार करू देतात. पण तिथला एकेक राँच आपल्या अख्ख्या तालुक्याएवढा, आणि रोही परदेशी असल्याने त्याच्या शिकारीला हंगामाचं आणि संख्येचं बंधन नाही. अडीच एकरवाल्या शेतकऱ्याच्या शेतात रात्री दोन वाजता आलेला रोही सकाळी तीन गावं पलीकडे असतो. त्याच्या शिकारीचं शुल्क कोणाच्या खात्यात जमा करणार? आफ्रिकेचं उदाहरण दोन्ही बाजूंनी सोयीने वापरलं जातं. नामिबियात 1990 च्या दशकात गावसंस्थांना वन्यजीवांवर हक्क दिले, तिथे शिकार चालली आणि प्राणीही वाढले. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली, तरी पुढच्या चार दशकांत तिथले वन्यप्राणी निम्म्याहून जास्त घटले. कारण कुंपणं, गुरं आणि चोरटी शिकार. शिकार चालू की बंद, एवढ्यावर तिथला निकाल लागला नाही. जमिनीवर आणि प्राण्यावर हक्क कोणाचा, यावर लागला.

विदर्भात एक धागा आणखी आहे, जो मुंबई-पुण्यात बसून वाद घालणाऱ्यांना दिसत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड पट्ट्यात वाघ राखीव क्षेत्राबाहेर, शेताला लागून राहतात. तिथे रानडुक्कर हे त्यांच्या मुख्य खाद्यांपैकी एक आहे. डुकरं खरोखरच सरसकट कमी केली, तर वाघ गुरांकडे वळेल, आणि गुरांमागे माणूस असतो. दुसरीकडे, डुकरासाठी लावलेल्या फासात आणि विजेच्या तारेत वाघच अडकतात. जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीड भागात शेताच्या वीजप्रवाही कुंपणाने मेला आणि पुरलेला सापडला. शिकार ‘खुली’ झाली की फास, गावठी बॉम्ब आणि थेट जोडलेली तार यांना आडोसा मिळतो, कारण मग गस्तीवरचा वनरक्षक विचारणार काय? ‘डुकरासाठी लावलंय साहेब’ हे उत्तर कायदेशीर होऊन बसतं. म्हणून उपद्रवी जाहीर करायला माझा विरोध आहे. परवान्याच्या शिकारीला नाही.

मग परवान्याने काय साधतं? राखण. संख्या नव्हे, भीती. पिकाच्या नाजूक पंधरवड्यात (हरभरा घाटे भरताना, भुईमूग शेंगा धरताना, मका दुधात असताना, धान निसवल्यावर) शेतात शिरलेल्या कळपातली एखादी मादी तिथेच पडली, तर बाकीचा कळप त्या शेताला बरेच दिवस बगल देतो. हाच परवाना पीक निघून गेल्यावर हातात पडला तर तो कागद. अर्ज नुकसान झाल्यावर करण्याऐवजी पेरणीनंतर लगेच, गावाने मिळून करावा: गट नंबर, पीक, मागच्या हंगामातले पंचनामे आणि परवानाधारक बंदूकवाल्याची संमती व परवान्याची प्रत जोडून. बहुतेक अर्ज अडतात ते या शेवटच्या कागदावर. गावात परवान्याची बंदूकच उरलेली नसते, किंवा असते ती निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा असते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा असं एकामागे एक सुरू झालं की हंगाम निघून जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पीकसंरक्षणाच्या कारणाने सूट मागता येते. ती वेळेत मागायला हवी.

प्रत्यक्ष बसताना मचाण तीन-चार मीटर उंच हवं, आणि ते जागल करण्यासाठी नव्हे तर गोळी जमिनीत जावी म्हणून. .315 रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभराच्याही पुढे जाते. विदर्भातल्या सपाट काळ्या रानात तिला अडवायला टेकडी नसते, आणि रात्री शेजारच्या शेतात कुणीतरी राखण करत झोपलेलं असतं. बाराबोरमध्ये डुकरासाठी मोठा छर्रा (एलजी) तीस-पस्तीस मीटरच्या आत, त्यापुढे नाही. रोहीसाठी रायफलच. पूर्ण प्राणी ओळखल्याशिवाय, नुसत्या चमकत्या डोळ्यांवर गोळी झाडायची नाही. ती गाय निघते किंवा माणूस. जखमी जनावर जंगलात शिरलं तर मागे जायचं नाही, परवाना शेतापुरता असतो; वनरक्षकाला कळवायचं. मेलेल्या प्राण्याचा पंचनामा वनविभागापुढे, मग खोल खड्डा, वर चुना आणि माती. मांस वाटायचं नाही. यात कायद्याचा भाग आहेच, शिवाय आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग 2020 पासून देशात आहे आणि 2023 मध्ये मुदुमलाईच्या रानडुकरांत सापडला. तो माणसाला होत नाही, पण उघड्यावर टाकलेल्या मांसातून गावच्या डुकरांत पोहोचतो.

नव्वद टक्के काम तरीही कुंपणाचंच आहे, आणि तेच नीट होत नाही. सौर झटका कुंपणाची तार डुकरासाठी जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटरवर पहिली हवी. बहुतेक ठिकाणी ती फूटभर वर असते आणि डुक्कर खालून सरकतं. रोहीसाठी वरची तार पाच फुटांच्या आसपास. यंत्राजवळ दाब कितीही दाखवो, मोजायचं टोकाला, आणि तिथे चार-पाच हजार व्होल्ट मिळाले पाहिजेत. पावसाळ्यात गवत तारेला टेकून दाब गळतो, म्हणून तारेखालचा पट्टा महिन्यातून दोनदा कापायचा. उन्हाळ्यात उलट: जमीन इतकी कोरडी की अर्थिंगच लागत नाही आणि झटका बसत नाही. तीन सळ्या, तीन-तीन मीटर अंतरावर, ओलाव्यापर्यंत ठोकलेल्या, भोवती कोळसा-मीठ आणि अधूनमधून पाणी. एकट्याने दोन एकराला घालण्याऐवजी दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून शिवाराभोवती घातलं तर प्रत्येकाला कमी तार लागते आणि प्राणी शेजाऱ्याकडे ढकलले जात नाहीत. महावितरणच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात वीज सोडणं हा मात्र सरळ गुन्हा. त्यात वाघाआधी गावातलाच कुणीतरी मरतो.

कुंपणाइतकंच महत्त्व लपणाचं. दिवसा कळप कुठे बसतो ते शोधा: नाल्याकाठची वेडी बाभूळ, पडीक वावर, ऊस. पश्चिम महाराष्ट्रात तोडणी चालू झाली की डुकरं शेवटच्या उभ्या फडांत गोळा होतात. वर्षभरात अख्खा कळप एका जागी सापडण्याची ती एकच वेळ. सापळा लावायचा तर तेव्हा.

भरपाईसाठी नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांत अर्ज, फोटोत पावलं, लीद आणि पिकाचा बांध तिन्ही दिसतील असे काढायचे. पीक विम्यात खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांचं नुकसान जोड-संरक्षण म्हणून येतंय, त्यात 72 तासांत अ‍ॅपवर जिओटॅग फोटोची अट आहे. विमा काढताना हे जोड-संरक्षण आपल्या जिल्ह्याला लागू आहे का, ते विचारून घ्या.

शेवटचा उपप्रश्न : परवान्याचा अधिकार ग्रामपंचायतीला द्यावा का? केरळने मे 2022 मध्ये दिला. केंद्राने रानडुक्कर उपद्रवी जाहीर करायला नकार दिल्यावर त्यांनी स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षक करून मारण्याचा हुकूम देण्याची मुभा दिली. विष, स्फोटकं आणि विजेचा वापर मात्र बंद. वेळ वाचतो, हे नक्की. आपल्याकडे द्यायला हरकत नाही, पण वहीसकट. प्रत्येक हुकुमावर तारीख, गट नंबर, किती रात्री बसले, किती दिसले, काय मारलं, नर की मादी, अंदाजे वय. ‘किती रात्री बसल्यावर एक मिळालं’ हा आकडा तीन हंगाम नोंदला तर डुकरं वाढताहेत की घटताहेत ते कुठल्याही गणनेशिवाय कळतं, आणि शेजारच्या, काहीच न केलेल्या शिवाराचं नुकसान सोबत लिहिलं तर शिकारीने फरक पडला की पावसाने, तेही. वर्षाअखेर ज्या पंचायतीची वही कोरी, तिचा अधिकार पुढच्या हंगामाला वनक्षेत्रपालाकडे परत.